पांच मिलिमीटर

सायकल ही विद्यार्थ्याची, कारकुनाची आणि दूधवाल्याची गाडी, अशा समजुतींत आमचें सारें बाळपण पुण्यास गेलें. त्या काळचें पुणें सायकलींचें शहर म्हणून प्रसिद्धच होतें, आणि घरांत एक काळी, उंच, लोखंडी सायकल असली म्हणजे तीवर वडील, थोरले बंधु आणि आम्ही अशा तीन निरनिराळ्या उंचींच्या माणसांची सोय होत असे. त्यामुळें सायकलीची किंमत आमच्या कित्येक महिन्यांच्या वाणसामानाहून अधिक असूं शकते, तिचीं पुढचें व मागचें अशीं दोन्ही चाकें हवेच्या नळ्यांवर खालींवर झुलतात, आणि एवढें सगळें करून ती कचेरींत, मंडईंत अगर शाळेंत जाण्याच्या कामीं मुळींच येत नाहीं, हें ज्ञान आम्हांस पन्नाशी उलटल्यावर, आणि तेंही आमच्या चिरंजीवांकडून प्राप्त झालें.

नोकरीच्या निमित्तानें गेलीं वीस-बावीस वर्षें आम्ही कॅलिफोर्नियांत, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस, कूपरटिनो गांवाशेजारीं राहत आहों. या भागांत आज मराठी इतकी कानीं पडते कीं, वाण्याच्या दुकानांत आपण कोथरुडांत तर नाहीं ना, असा क्षणभर भास व्हावा. पण याच कूपरटिनोच्या कांहीं तरुणांनीं १९७४ सालीं जो उद्योग केला, तो आमच्यापैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल. त्यांनीं जाड टायरांच्या जुन्या सायकलींस गिअर बसविले आणि त्या घेऊन ते डिसेंबर महिन्यांत उत्तरेकडे मिल व्हॅली येथें एका शर्यतीस गेले. 'मॉरो डर्ट क्लब' असें त्यांच्या मंडळाचें नांव. मातींत लोळणारी मंडळी, म्हणून नांवांतही मातीच! त्या उत्तरेकडच्या मरीन परगण्यांतही टॅमलपाइस पर्वताच्या उतारांवर हेंच वेड चाललें होतें. महायुद्धापूर्वींच्या, अडगळींत पडलेल्या सायकली शोधून काढावयाच्या, त्यांस मोटरसायकलीचे ब्रेकचे दांडे जोडावयाचे, आणि डोंगरावरून धूळ उडवीत खालीं यावयाचें. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं फेअरफॅक्स गांवाजवळ त्यांची पहिली उताराची शर्यत झाली. सुमारें २ मैलांत १३०० फूट उतरणारी ती वाट. पुढें गॅरी फिशर यानें ती ४ मिनिटें २२ सेकंदांत उतरून विक्रम केला. उलटें पायडल मारून लावावयाच्या त्यांच्या ब्रेकांतलें ग्रीस उतरतां उतरतां जळून धूर निघे व प्रत्येक खेपेनंतर तें नव्यानें भरावें लागे. म्हणून त्या वाटेस नांवच पडलें 'रीपॅक'. जो ब्रीझ यानें १९७७ सालीं असल्या उतारांसाठींच मुद्दाम नवा सांगाडा बनविला, आणि त्याची ती पहिली सायकल पुढें वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयांत जाऊन बसली. आम्ही ज्या प्रदेशांत केवळ संगणकाची चाकरी करण्यास आलों, तो असल्या सायकलींचें माहेर आहे, हें कळल्यावर आमचा त्या खुळाविषयींचा राग पुष्कळसा निवळला.

या आद्य सायकलींस स्प्रिंग नव्हती. मोटारींत ज्यास सस्पेन्शन म्हणतात, तें पॉल टर्नर यानें आपल्या 'रॉकशॉक्स'च्या चिमट्याच्या रूपानें १९८९ सालीं डोंगरी सायकलींच्या बाजारांत आणलें. दुसऱ्याच वर्षीं कोलोराडोंतील डुरँगो येथें झालेल्या जागतिक शर्यतींत ग्रेग हर्बोल्ड हा असल्याच चिमट्यावर उताराची शर्यत जिंकला, आणि थट्टा करणारांचीं तोंडें बंद झालीं. पण पुढच्या चाकास झुलतें करणें सोपें. मागच्यास करणें अवघड. मागच्या चाकास चेन ओढीत असते. तें चाक एका बिजागरावर मोकळें सोडलें, कीं स्वाराचा कांहीं जोर सायकल पुढें नेण्याऐवजीं तिला जागच्या जागीं डोलविण्यांतच खर्च होतो, आणि ब्रेक दाबला म्हणजे मागची बाजू ताठ होऊन बसते. ऑस्ट्रियाहून येऊन कॅलिफोर्नियांत राहिलेला हॉर्स्ट लाइटनर नांवाचा मोटरसायकलस्वार होता. त्यानें खालच्या दांड्यांत, चाकाच्या आंसाच्या किंचित् पुढें व खालीं, एक जादा बिजागर घातलें. त्या एका बिजागरानें मागचा भाग चार भुजांची चौकट बनला. चाक वर उचललें जातांना कोणत्या वाटेनें जावें, हें त्या भुजांच्या लांबीवरून ठरवितां येऊं लागलें, आणि चेनेचा व ब्रेकचा जाच बराच कमी झाला. शाळेंत भूमितीच्या तासाला आम्हांस कोणीं हें सांगितलें असतें, तर त्या विषयांत आमचे गुण निराळे पडते.

चिरंजीव ओंकार सतरा वर्षांचे झाले, तेव्हां त्यांनीं अशी सायकल मागितली. तयार सायकलीची किंमत ऐकून आमच्या सौभाग्यवतींनीं "तेवढ्यांत दोघांचें पुण्याचें जाणें-येणें होईल" असा अभिप्राय दिला. मग आम्हांस एक युक्ति सुचली. सांगाडा जुना घ्यावा, बाकीचे भाग हळूहळू जमवावे, आणि गाडीच्या खोलींत बापलेकांनीं मिळून सायकल जोडावी. खर्च कमी होईल, हें कारण आम्हीं सर्वांस सांगितलें. खरें कारण असें कीं, आणखी एका वर्षानें मुलगा कॉलेजांत जाणार, तत्पूर्वीं त्याच्याबरोबर बसावयास कांहीं तरी निमित्त हवें होतें. (खर्च कमी झाला नाहीं, हेंही येथेंच सांगून टाकूं.)

सांगाडा मिळाला तो ॲल्युमिनियमचा, चार भुजांचा, मागच्या चाकास १४० मिलिमीटर चाल देणारा. त्यानंतर जी शोधाशोध झाली, तिचें वर्णन करण्यास मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमाचीच उपमा योग्य. एकाची रुंदी जुळावी तर दुसऱ्याचा व्यास जुळूं नये. मागच्या आंसाची रुंदी कोणाची १३५, कोणाची १४२, कोणाची १४८ मिलिमीटर. आमच्या पुण्याच्या सायकलवाल्यानें हें ऐकलें असतें तर पाना खालीं ठेवून तो चहा प्यावयास गेला असता. तरीं दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत सगळें जमलें. सांध्यांतल्या बेअरिंगा नव्या बसविल्या, चाकांचा आउट काढला, बिनट्यूबच्या टायरांत तें दुधासारखें औषध ओतलें, आणि ज्या पान्यावर जोराचें माप कळतें त्या पान्यानें हँडलचे बोल्ट पांच न्यूटन-मीटरपर्यंत आवळले.

हें काम करतांना आमच्या वडिलांची आठवण पदोपदीं येत असे. वर्षांतून एकदां, बहुधा मे महिन्याच्या सुट्टींत, वाड्याच्या चौकांत सायकल उलटी उभी करून ते तिचें ओव्हरहॉलिंग करीत. जुन्या परातींत रॉकेल, शेजारीं एक कान तुटलेली बशी, आणि बशीपाशीं आम्ही. आंसांतून निघालेला प्रत्येक छर्रा पुसून बशींत टाकणें हें आमचें काम. वडील मान वर न करतां विचारीत, "किती?" मागच्या चाकाचे अठरा आल्याखेरीज ते पुढल्या कामास हात लावीत नसत. एकदां सतरा भरले, तेव्हां दिवेलागणीपर्यंत सगळा चौक झाडून काढला होता. छर्रा आमच्याच चड्डीच्या खिशांत सांपडला. वडील रागावले नाहींत. "एक कमी असला तरी चाक फिरतें रे, पण किती दिवस फिरेल तें सांगतां येत नाहीं," एवढेंच म्हणाले.

सायकल उभी राहिली. भरली चौदा किलो. ओंकारनें मागच्या शॉकमध्यें पंपानें हवा भरली, हेल्मेट-बूटांसुद्धां तीवर बसला, आणि त्या नळीवरचें बारीकसें रबरी कडें किती सरकलें तें आम्हीं मोजलें. स्वाराच्या नुसत्या वजनानें नळी आपल्या चालीच्या पाव ते तीस टक्के बसली पाहिजे, असा दंडक आहे. आमच्या नळीची चाल ५० मिलिमीटर, ती १५ बसली. पहिल्या दिवशीं घरापुढच्या पायरीवरून तो उतरला, तेव्हां पायरी त्याला लागलीच नाहीं, असें तो म्हणाला. आम्हांसही एक फेरी मिळाली. आयुष्यभर खड्ड्यांशीं पाठीच्या मणक्यांनीं बोललेल्या मनुष्यास तो अनुभव अगदीं अपूर्व होता.

येथेंच थांबलों असतों तर हा लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें. परंतु तुकड्यातुकड्यांनीं जोडलेल्या वस्तूचा एक दोष असा कीं, ती कधीं पुरी झाली असें वाटतच नाहीं. नव्या घरांत पडदे झाल्यावर कोच जुना दिसावा, तसें होतें. प्रथम चार दट्ट्यांचे ब्रेक आले. मग हलक्या रिमा आल्या. मुलगा "पुरे आतां, बाबा" म्हणूं लागला, तरी आमची रात्रीं जेवणानंतरची संगणकावरील टेहळणी चालूच. अशा एका रात्रीं एक जुना शॉक विक्रीस दिसला. तेलाची निराळी कुपी असलेला, शर्यतवाल्यांच्या उपयोगाचा, आणि नव्याच्या तिसऱ्या हिश्श्यानें किंमत. आमच्या सांगाड्यास हवा होता २१० लांबी व ५० चालीचा. हा होता २१० लांबीचा आणि ५५ चालीचा. लांबी तीच असल्यामुळें बोल्ट बरोबर बसणार. चाल पांच मिलिमीटरनें जास्त, म्हणजे तेवढा फायदाच कीं! दोष विकणाराचा मुळींच नव्हता. आंकडे नळीवर स्वच्छ छापलेले होते आणि आम्हीं ते चष्मा लावून वाचले होते. सांगाड्याबरोबरच्या कागदावर "५०" हा आंकडा कां छापला असावा, हा विचार तेवढा आमच्या मनांत आला नाहीं. ओंकारच्या वाढदिवसास आम्हीं तो बसवून दिला. शेजारच्या एका गृहस्थांस तो दाखविलाही.

दोन महिने कांहीं झालें नाहीं. साध्या वाटांवर नळीचा शेवटचा भाग वापरलाच जात नाहीं, आणि चूक तेथेंच दडून बसलेली होती.

स्कायलाइन रस्त्यालगत 'एल कोर्ते दे मादेरा' म्हणून रेडवुड वृक्षांचें रान आहे. स्पॅनिश भाषेंतल्या या नांवाचा अर्थ लांकूडतोड असा, आणि खरोखरच तेथें पूर्वीं मोठी लांकूडतोड चाले. आतां उरलें-वाढलेलें रान राखलेलें असून त्यांतून सायकलींच्या वाटा आहेत. मे महिन्यांतल्या एका रविवारीं आम्ही दोघे तेथें गेलों. एका ठिकाणीं वाट खडकावरून तीन-चार फूट खालीं येते. ओंकारनें तशा उड्या पूर्वीं घेतल्या होत्या. आम्ही खालीं उभे होतों. तो उडाला, दोन्हीं चाकें नीट टेकलीं, आणि मग एखाद्यानें पाठीमागून टायर धरून ठेवावें तसें मागचें चाक जागच्या जागीं थबकलें. मुलगा हँडलवरून पुढें फेंकला गेला. तो उठून बसला, तेव्हां डावा हात त्यानें उजव्या हातांत धरला होता आणि तोंड पांढरें फटक पडलें होतें. हांसळीचें हाड मोडलें होतें. डॉक्टरांनीं हात झोळींत बांधून दिला व सहा आठवडे सांगितले.

त्या रात्रीं घर निजल्यावर आम्ही सायकल पाहावयास गेलों. नळीवरचें रबरी कडें अगदीं टोकास जाऊन बसलें होतें. सीटखालच्या दांड्याच्या मागल्या अंगास टायरच्या रबराचा काळा ओरखडा होता, व त्याखालचा रंग खरवडून निघाला होता. कागद-पेन्सिलीचीही जरूर नव्हती. नळी ५० दबते तेव्हां चाक १४० वर येतें. म्हणजे नळीच्या एका मिलिमीटरास चाकाचे सुमारें पावणेतीन. जादा पांचांचे झाले चौदा. सांगाडा करणारानें टायर व दांडा यांच्यामध्यें बोटभर जागा ठेवली होती, ती आम्हीं "फायदा" म्हणून खाऊन टाकली होती. नळींतली सगळी हवा सोडून, सायकल पूर्ण दाबून, चाक कोठें लागतें कीं काय तें पाहणें, ही शॉक बदलतांना करावयाची साधी परीक्षा आहे. तीस पांच मिनिटें लागतात.

दुसरे दिवशीं सांगूं, असें ठरवून आम्ही निजलों. दुसरे दिवशीं ओंकारच न्याहारीच्या वेळीं म्हणाला, "बाबा, माझीच चूक झाली. वजन पुढें गेलं असणार. मला नाहीं हें जमत. विकून टाका सायकल. उगाच तुमचे पैसे गेले." आणि आम्ही म्हणालों, "बघूं पुढें." वाचक काय म्हणतील तें म्हणोत, परंतु मनुष्य खोटें बोलतो त्याहून अधिक वेळां "बघूं पुढें" बोलतो, आणि काम तेंच होतें. असे नऊ दिवस गेले. त्या अवधींत आम्हीं त्याला सफरचंदें कापून दिलीं, त्याच्या बुटांच्या नाड्या बांधल्या, नको इतके गोड बोललों.

दहाव्या दिवशीं आमच्या मातोश्रींचा पुण्याहून टेलिफोन आला. ओंकार त्यांना सांगत होता, "नाहीं आजी, रस्ता चांगला होता. सायकल पण चांगली आहे, बाबांनी स्वतः केलीय. मलाच उडी नीट घेतां आली नाहीं." आम्ही त्याच खोलींत वर्तमानपत्र धरून बसलों होतों.

टेलिफोन ठेवल्यावर आम्हीं त्याला गाडीच्या खोलींत नेलें. नळींतली हवा सोडली. सीटवर भार टाकून सायकल दाबली. टायर जाऊन त्या काळ्या ओरखड्यावर बरोबर टेकलें. तो वांकून बराच वेळ पाहत राहिला.

"किती जास्त?"

"नळीला पांच. चाकाला चौदा."

"तुम्हांला कधीं कळलं?"

या प्रश्नाची आम्हीं तयारी केली नव्हती. "त्याच रात्रीं," आम्ही म्हणालों.

तो कांहीं बोलला नाहीं. वर निघून गेला. दोन दिवस त्याचें आमच्याशीं बोलणें "हो" आणि "नको" यांपलीकडे गेलें नाहीं. सौभाग्यवतींस सर्व हकीकत सांगितली, तेव्हां त्या रागावतील असें वाटलें होतें. त्या फार हळू बोलल्या. "अहो, नळी चुकली तें मी समजूं शकतें. मला कुठं त्यांतलं कांहीं कळतं? पण पोर नऊ दिवस स्वतःला बोल लावीत होतं, आणि तुम्ही ऐकत होतां." यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आजही नाहीं.

सायकल विकली गेली नाहीं. हात झोळींतून सुटल्यावर एके दिवशीं कचेरींतून आलों तों गाडीच्या खोलींत दिवा लागलेला. ओंकारनें मागचा सगळा भाग उकलला होता, दांड्यास कोठें चीर गेली आहे काय तें कापडानें पुसून पाहिलें होतें, आणि माळ्यावरचा पहिला, पन्नास चालीचा साधा शॉक काढून आणला होता. आम्हांस त्यानें बोलाविलें नाहीं, आम्हीही आंत गेलों नाहीं. दुसरे दिवशींही तसेंच. तिसऱ्या संध्याकाळीं दाराशीं येऊन तो म्हणाला, "बाबा, जरा येतां का? एका हातानं पूर्ण दाबत नाहीं."

हवा सोडलेली होतीच. आम्ही सीटवर बसलों आणि सारें अंग खालीं टाकलें. तो जमिनीवर आडवा होऊन टायर व दांडा यांच्यामध्यें बोट घालीत होता.

"अजून."

आम्हीं हँडल धरून आणखी भार दिला. नळी तळाशीं टेकल्याचें हाडांस जाणवलें.

"एक बोट जातंय," तो म्हणाला. मग बोट काढून, दुसऱ्या बाजूनें घालून, त्यानें पुन्हा पाहिलें. "दोन्हीं बाजूंनीं जातंय. उतरा आतां." त्यानें पंप हातीं घेतला, आणि आमच्याकडे न पाहतांच बाकावरच्या बशीकडे बोट केलें. "ते बोल्ट बिजागराचे आहेत. लावायच्या आधीं मोजा, सात पाहिजेत."

आम्हीं मोजले. सात होते.